एक खरा घसा

ग्रंथपालांना बँडमधून काढायचं हे सांगायला बाकीचे तिघे त्यांच्याच घरी आले होते, आणि चहा त्यांच्याच बायकोने केला होता.

बँड थ्रॅश मेटलचा. म्हणजे वेग असा की ऐकणाऱ्याची मान लचकावी, आणि त्यावर गायकाची डरकाळी. ती डरकाळी ग्रंथपालांची. तरुणपणी चौघांनी भलताच धुमाकूळ घातला, मग संसार आडवे आले. ड्रमर टायरच्या दुकानात बसला, गिटारवाला चष्मे विकू लागला, बेस गिटार वाजवणारा ग्रंथपालांचा मेहुणा काहीच करेनासा झाला. ग्रंथपालांनी मात्र दिवसभर कुजबुजण्याची नोकरी मुद्दाम धरली, घसा शाबूत राहावा म्हणून. पुन्हा एक अल्बम होईल, एवढ्या एका आशेवर हा गृहस्थ जगला. आणि म्हातारपणी तो अल्बम खरंच ठरला.

रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी ड्रमरने त्यांना जिन्यात गाठलं.

"गुडघे गेलेत रे माझे. दोन्ही पायांनी ड्रम बडवायचा तो वेग आता होत नाही. रेकॉर्डिस्ट मशीनवर वाजवून घेतोय. त्या दोघांना बोलू नकोस, लाज जाईल."

"नाही बोलत," ग्रंथपाल म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गिटारवाल्याने बाहेर बोलावलं. त्याची बोटं आखडली होती. तो निम्म्या वेगाने वाजवायचा आणि कॉम्प्युटर ते पळवायचा. "ड्रमरला कळलं तर जन्मभर टोमणे मारेल. त्याचे पाय बघ, या वयात कसे चालतात," तो हळहळून म्हणाला. ग्रंथपालांनी हेही पोटात ठेवलं. मेहुण्याने तर बेसला हातच लावला नव्हता, त्याचा भागही रेकॉर्डिस्टच वाजवत होता. हे बायकोने स्वयंपाकघरात सांगितलं. "अहो, माझ्या भावाची अब्रू तुमच्या हातात आहे."

शेवटी रेकॉर्डिस्ट ग्रंथपालांकडे वळला. "काका, तुमचाही आवाज जरा तरुण करून देऊ? सगळेच करतात."

"माझ्या आवाजाला हात लावायचा नाही," ग्रंथपाल म्हणाले, आणि घशातून रक्त येईल असे ओरडले. घरी येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, दुसऱ्या दिवशी परत ओरडले. काय मिळवलं, देव जाणे.

अल्बम आला आणि गाजला. लोकांनी भरभरून लिहिलं: ड्रम, गिटार, बेस, तिघांचंही वय जणू थांबलंय. गायक तेवढा थकलेला वाटतो. कार्यक्रमांची आमंत्रणं आली, आणि तिघे चहाला आले.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ड्रमर म्हणाला, "पण आमच्या वेगाला तू पुरा पडत नाहीस."

"आम्ही नवा गायक बघितलाय," गिटारवाला म्हणाला. "तुझ्याचसाठी. तब्येत सांभाळायला नको का?"

"भावोजी, वय कुणाला चुकलंय?" मेहुणा बशीत चहा ओतत म्हणाला.

ग्रंथपालांनी ज्यांची अब्रू झाकली तेच छातीवर बसले होते. तिन्ही गुपितं एकदम ओठांवर आली, एक वाक्य पुरलं असतं. पण दारात बायको रिकामा ट्रे घेऊन उभी होती आणि नजरेने विनवत होती. त्यांनी ते वाक्य गिळलं.

"पहिला कार्यक्रम कधी?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. मशीनबिशीन काही चालणार नाही म्हणालेत आयोजक, सगळं समोर वाजवायचं."

"मग सराव?"

"सराव कसला," ड्रमर हसला. "हे दोघं पेटले की माझ्याकडे बघतंय कोण? मी आपला त्यांच्या मागे."

"मी तर या दोघांच्याच जिवावर आहे," गिटारवाला म्हणाला. मेहुण्याने तोंडात बिस्किट असल्यामुळे नुसती मान डोलावली.

ग्रंथपालांनी तिघांकडे एकेक करून नीट बघून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.

"मला पुढच्या रांगेत जागा हवी," ते शांतपणे म्हणाले.

"हे काय सांगणं झालं, भावोजी? तुम्हाला फुकट पास."

"पास नको. तिकीट काढून आलो की ओरडायचा हक्क राहतो."