चुडीदाराचं माप

मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या दुकानात, पुंजाराम मास्तरांच्या टेबलावर दोन कात्र्या, तीन खडू, एक टेप आणि चार वेळा उसवलेला चुडीदार पायजमा होता. पायजमा शेजारच्या सलूनवाल्या बन्सीचा. त्याचं लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी.

सलून उघडण्याआधी बन्सी पायजमा घालून बघे, तेव्हा तो पोटऱ्यांवर ढिला. मास्तर आवळत. दिवसभर उभ्यानं दाढ्या करून तो संध्याकाळी येई, तर पायजमा पोटरीत अडके. मास्तर सैल करत. आता पाचव्यांदा उसवायला शिवणीत कापडच उरलं नव्हतं.

"मास्तर, टेप बदला. रबरासारखी झालीय."

"चाळीस सालांत माझं माप हुकलं नाय!"

"मंग काय माझी पोटरी फुगती व्हय?"

"हा भर मांडवात फाटला ना, तर कात्री खाली ठेवतो बघ. कायमची!"

तेवढ्यात नवरी वच्छला ब्लाउज न्यायला आली. ती दवाखान्यात नर्स होती. तिनं बन्सीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. मग टेप लावली. पंधरा इंच.

"सकाळी किती व्हती?"

"साडेचौदा."

"टेप चांगलीय मास्तर. रक्त पायात उतरतं आपसूक, वर ढकलायचं काम पोटरीचं. शिरांत झडपा असतात, त्या चढलेलं रक्त माघारी येऊ देत नाहीत. पण पोटरी हललीच नाय तर रक्त तिथंच साचतं, त्यातलं पाणी झिरपतं, पाय सुजतो. अन् मास्तर, तुमी कापायला किती तास उभे असता?"

"बारा."

तिनं मास्तरांचीही पोटरी मोजली. पावणेचौदा.

"उद्या उठल्यावर पुन्हा मोजा. अन् पायजमा सकाळच्याच मापाचा ठेवा."

"अगं पण उद्या स्टेजवर तीन तास उभं राहायचंय त्याला!"

"ते माझ्याकडं लागलं."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले. दर दोन मिनिटांनी वच्छलाचं कोपर लागे आणि बन्सी दहा वेळा टाचा उचलून टेकवी.

"नवरदेव, हलू नका ना!" फोटोग्राफर ओरडला.

"हलू द्या त्यांना," नवरी म्हणाली.

छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये नवरदेव एकवीस ठिकाणी पुसट आला. "पोराला मोरीकडं जायचंय वाटतं, सोडा की गं त्याला!" बन्सीची मावशी दगडाबाई खालून कळवळली. बँडवाल्यांना मात्र वाटलं, नवरदेवाला नाचायचंय. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पोरं उठली, मग व्याही उठले. सकाळी स्वतःची पोटरी तेरा भरलेली पाहून पुंजाराम मास्तर मात्र सगळ्यात मागच्या रांगेत, बँड सुरू व्हायच्या आधीपासूनच खुर्चीची पाठ धरून टाचा वर-खाली करत होते.

चार वाजता स्टेजमागं बन्सीनं पायजमा उतरवला. एकही टाका तुटला नव्हता. मास्तरांनी खिशातून टेप काढली. बन्सीची पोटरी साडेचौदा इंच भरली.

मास्तरांची तेरा.