ह्यांचे डोळे आणि तिसरी नोंद

मी फक्त ह्यांच्या साहेबांशी दोन शब्द बोलून यायचं ठरवलं होतं. ह्यांना न सांगता. (सांगितलं असतं तर ह्यांनी जाऊ दिलं नसतं, आणि हे लिहायची वेळ आली नसती.)

आमचे हे एका कंपनीत ड्रायव्हर. तिथल्या लोकांना घरून न्यायचं, घरी सोडायचं. दहा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मग नव्या गाड्या आल्या. समोर काही आलं की ह्या गाड्या आपणहून ब्रेक मारतात. रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं. मागे जाऊन जागेत उभ्यासुद्धा आपल्या आपण राहतात. एवढं सगळं गाडीच करणार, मग ड्रायव्हर काय करतो ते बघायला स्टिअरिंगच्या वर बोटभर कॅमेरा. तो डोळे बघतो. डोळे मिटले की गाडीतली बाई गोड आवाजात म्हणते, "चालक थकले आहेत. कृपया विश्रांती घ्या." आणि तिकडे ऑफिसात नोंद पडते. महिन्यात तीन नोंदी झाल्या की माणूस गाडीवरून खाली. (हे समजायला सातवीच्या पुढे शिकावं लागत नाही.)

आता ह्यांचे डोळे जन्मापासूनच अर्धे मिटलेले. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत नवरा जागा नाही. दहा दिवसांत दोन नोंदी झाल्या आणि मी धसकाच घेतला. अंथरुणाला पाठ टेकली की ती बाई माझ्या कानात बोलायची. शेवटी मी ह्यांना आरशासमोर उभं करून डोळे मोठे करायचा सराव सुरू केला, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. सासूबाईंनी एकदा ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस गं? एवढा का घाबरलाय तो?"

तर मी साहेबांकडे गेले. पुरावा म्हणून तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेतलं. तिचे डोळे थेट बापाचे.

"साहेब, हिच्याकडे बघा. हिचेही असेच आहेत. पण पूर्ण जागी आहे ही."

साहेबांनी वाकून पाहिलं. "ताई, ती घोरतेय."

(बसमध्येच झोपली होती. मला कळलंच नव्हतं.)

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. मला तिथे बघून ह्यांचे डोळे जेवढे उघडले, तेवढे सरावातही कधी उघडले नव्हते.

गाडी आवारात उभी होती. ह्यांनी आपलं ड्रायव्हरचं कार्ड खाचेत घातलं, गाडी चालू केली आणि कॅमेऱ्याकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली. बाई एक अक्षर बोलली नाही.

"म्हणजे मनात आणलं तर उघडे राहतात," साहेब म्हणाले.

"अहो, मिटा ना थोडे," मी काचेतून कुजबुजले.

"आता मिटत नाहीयेत," हे म्हणाले.

मी साहेबांकडे वळले. "साहेब, हे मशीनच खोटं आहे. कुणालाही झोपलेलं म्हणतं. मी बसून दाखवते. माझे डोळे बघा, माहेरी मला घुबड म्हणायचे."

"बसा," साहेब म्हणाले.

हे उतरले. लेकीला ह्यांच्याकडे दिलं आणि मी बसले. सीट मऊ, एसीची गार झुळूक. दार लावलं तसा बाहेरचा सगळा आवाज बंद. अंगावर कुणी नाही, कुणाला काही नको. मी कॅमेऱ्यावर डोळे रोखले. ठरवलं, पापणीसुद्धा लववायची नाही.

"चालक थकले आहेत. कृपया विश्रांती घ्या."

मी दार ढकलून बाहेर आले. "ऐकलंत, साहेब? टक्क जागी होते मी."

हे जमिनीकडे बघत होते. साहेबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कॅमेरा नुसता बघत नाही, शूटिंगही करून ठेवतो. त्यात मी होते. मान खांद्यावर, तोंड उघडं.

"अकरा सेकंद," साहेब म्हणाले. "आमच्या पन्नास ड्रायव्हरांत इतक्या लवकर अजून कुणी झोपलं नव्हतं."

"मग करा माझी नोंद. मी कुठे तुमची ड्रायव्हर आहे?"

"ताई, कार्ड यांचं होतं."

साहेबांनी दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मनापासून पाहिली. पण पडलेली नोंद पुसता येत नाही. ती वर जाते, आणि वरही मशीनच बसलंय.

ह्यांनी खाचेतून कार्ड काढलं, बाहीला पुसलं आणि साहेबांच्या हातात दिलं. उद्यापासून गाड्या धुवायच्या, निम्म्या पगारावर.

आम्ही चालत घरी निघालो. फाटकाबाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं,

"किती दिवस झोपली नाहीस गं?"

"तुमची दुसरी नोंद आली तेव्हापासून."

ह्यांनी लेकीला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"मग आज झोप," हे म्हणाले. "आता कसली काळजी राहिली?"