औताडे मामांची बहिरी बुरशी

“ओ, थांबा! एकानं बोला, एकानं ऐका. बुरशीला कळतं ते तुम्हाला नाय कळत व्हय?”

औताडे मामा आमच्या प्रयोगशाळेतल्या दोघांचं भांडण मिटवत होते. भांडण पंख्यावरून होतं. संभाजीनगरातला मे महिना, आणि मामा पंखा लावू देत नाहीत. पंख्यानं नारंगी बुरशीची भुकटी उडते आणि सगळ्यांच्या काचेच्या बशांमध्ये उगवते. म्हणून आम्ही घाम पुसत संशोधन करतो. मला पाच वर्षं झाली. आता घाम पुसायचाही कंटाळा येतो.

मामा इथले अटेंडंट. बुरशीच्या नळ्या सांभाळणं हे त्यांचं काम, आणि बाकीचं आयुष्यही बहुतेक तेच. विभागाची सहल वेरूळला गेली तेव्हा सगळे लेण्यांत होते आणि मामा कणसाच्या गाडीमागच्या कचऱ्यात. जळक्या कणसांवर ही बुरशी छान येते. परतताना रुमालात गुंडाळलेली चार कणसं त्यांच्या मांडीवर होती. “लई गुणी आहेत,” म्हणाले, आणि बसची खिडकीही उघडू दिली नाही.

एकानं बोला, एकानं ऐका, हे मात्र खरं आहे. माझा प्रबंध त्यावरच आहे. बुरशीचे दोन कोवळे धागे जवळ आले की एक रसायन सोडून हाक मारतो, दुसरा ती ऐकतो. काही मिनिटांनी उलट. असं करत ते एकमेकांकडे वाढतात आणि जुळून एक होतात. ऐकलेली हाक पेशीत आतपर्यंत पोचवायला प्रथिनांची रांग असते. एक दुसऱ्याला निरोप देतं. त्यातलं एक नसलं की धागा खुरटा वाढतो आणि कुणाशीच जुळत नाही.

असं एक प्रथिन नसलेली बुरशी आमच्याकडे आहे. मामा तिला ‘बहिरी’ म्हणतात. कुणा जुन्या विद्यार्थ्यानं ती तयार केली, पदवी घेतली आणि गेला. नळी राहिली.

या महिनाअखेर मामा निवृत्त होणार. परवा विभागप्रमुख मॅडम फ्रिज आवरायला आल्या. बहिरीची नळी हातात धरून म्हणाल्या, “ही कुणी वापरतं? नाही ना? मग ऑटोक्लेव्हमध्ये टाका.” म्हणजे मोठ्या कुकरमध्ये वाफेवर मारून टाका.

“जी, मॅडम,” मामा म्हणाले.

मी शेजारीच होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला दोन्ही भाषांत गप्प बसता येतं.

थोड्या वेळानं पाहिलं, तर मामा उघड्या ऑटोक्लेव्हसमोर नळी धरून उभे.

“दर महिन्याला हिला नव्या नळीत घ्यायचो,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “कुणी मागितली नाय कधी. तरी रविवारी यायचो. मुकुंदवाडीच्या खोलीत तसं तरी कोण आहे? हितं निदान कुणीतरी वाढत असतं.”

मी हात पुढं केला. त्यांनी नळी दिली, कशाला ते विचारलं नाही.

मॅडमच्या केबिनपर्यंत मी एक नीट इंग्रजी वाक्य जुळवत गेले. दार उघडल्यावर ते डोक्यातून गेलं. मराठीतच म्हणाले,

“मॅडम, ही टाकायची नाही. माझ्या प्रबंधाला लागेल. आणि हिला जगवायचं कसं ते मला ठाऊक नाही, तेव्हा निवृत्तीनंतरही मामांना रविवारी येऊ द्या.”