नवसाची मोटार्ड

इंदूरच्या डॉक्टरांनी मनकर्णाबाईंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ठरवलं, आणि त्याच दिवशी मनकर्णाबाईंनी नवस बाहेर काढला. भाकरी तव्यावर टाकून त्या शांतपणे म्हणाल्या, "मी नाही जात ऑपरेशनले. देवीचं देणं अंगावर ठेवून टेबलावर झोपू का मी?"

"कोणतं देणं?" त्यांचे यजमान नामदेव कडू यांचा घास हातातच राहिला.

"इच्छादेवीचं. उमेशच्या वेळचं."

उमेश त्यांचा एकुलता एक मुलगा. आठ वर्षांपूर्वी डेंगीनं गेला. तो दवाखान्यात असताना मनकर्णाबाई इच्छापुरच्या देवीला बोलल्या होत्या, की माझ्या लेकाला अंथरुणातून उठव, त्याच्या गाडीवर बसून तुझ्या पायरीशी येईन.

"अगं, पण देवी पावली कुठे? मग फेडायचं काय?"

"पावली नाही कसं म्हणता? तिसऱ्या दिवशी उठून बसला ना तो! खिचडी खाल्ली, दाढी केली, नर्सची मस्करी केली. चार दिवस बराबर उठेल होता. मी नुसतं उठव म्हटलं होतं. किती दिवस, ते सांगितलंच नाही. चूक माझी हाय, देवीची नाही."

नामदेवरावांनी घास ताटात परत ठेवला. चौतीस वर्षं कागदाच्या मिलमध्ये नोकरी केलेला माणूस. करारात मुदत घातली नाही तर काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि डॉक्टरांनी मुदत अगदी स्पष्ट सांगितली होती. झडप फार दिवस दम धरणार नाही.

"बरं, नेतो गाडीवर बसवून. उद्याच नेतो."

"तशी नाही. कागद करून न्या. देवीच्या दारी चोरावाणी जायचं नाही. उमेश पण म्हणे, रोडवर आणीन तर कायद्यानंच आणीन."

ही गाडी राजपुऱ्यातल्या त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली आठ वर्षं उभी होती. गाडी म्हणजे रानावनात, चिखलात उडवायची जुनी परदेशी फटफटी. टू-स्ट्रोक इंजिन, ट्रॅक्टरसारखे दातेरी टायर, आणि दिवा, हॉर्न, आरसा यांतलं काही नाही. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका साखर कारखान्यात मशिनं बसवायला आलेल्या गोऱ्या इंजिनियरनं ती तिथेच सोडली होती, आणि दोन-तीन हात फिरून ती उमेशकडे आली. तापीच्या वाळूत तो ती उडवायचा. पुढे त्याच्या डोक्यात आलं की हिला रस्त्याची लहान चाकं घालायची, दिवे लावायचे आणि मोटार्ड करायची. मोटार्ड म्हणजे काय ते बापाला समजावून सांगताना त्याचं तोंड दुखलं. बाप म्हणाला, "माझ्या जिवात जीव आहे तोवर ही गाडी रस्त्यावर येणार नाही." नामदेवरावांचा शब्द खरा ठरला. जीव मात्र दुसऱ्याचाच गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शनवाऱ्याजवळच्या गॅरेजवाल्या चुडामणला बोलावलं. तो उमेशचा जिगरी दोस्त. ताडपत्री काढली तेव्हा गाडीखालून एक मांजर आपली चार पिल्लं घेऊन निघून गेलं. गाडीमागे भिंतीशी पत्र्याची मोठी पेटी होती. पेटीत दोन लहान रिमा, दोन रस्त्याचे टायर, आणि कॅलेंडरच्या पानामागे उमेशच्या हातची यादी.

"काका, सगळं लिहून ठेवलंय पठ्ठ्यानं," चुडामण वाचू लागला. "रिम, टायर, हेडलाइट, हॉर्न, ब्रेक... और लास्ट में, 'बाबांना मनवणे'."

त्या शेवटच्या कामापुढे बरोबरची खूण नव्हती. चुडामणनं खिशातून पेन काढलं आणि घाबरत विचारलं, "हे झालं समजू ना, काका?"

नामदेवरावांनी मान हलवली. त्यांना फार वाईट वाटलं. आठ वर्षं उशिरा मनवले गेलेले बाप जगात थोडेच असतील.

चुडामणनं चार दिवसांत चाकं बसवली, दिवे लावले. गाडी खरंच देखणी दिसू लागली. मग कागदपत्रांची कामं करून देणारा यादव एजंट बघायला आला आणि गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "भाऊ, ऐसे पास नाही होणार. भाभीजी मागे बसतील ना? मग लांब सीट पाहिजे. मागे पाय ठेवायला जागा पाहिजे. धरायला हँडल पाहिजे. आणि साडी गार्ड तर पाहिजेच पाहिजे."

"साडी गार्ड?" चुडामण किंचाळला. "अहो, मोटार्डले साडी गार्ड?"

"मोटार्ड असो का रथ असो. साडी चाकात गेली तर जिम्मेदार कोण?"

लांब सीट आली, हँडल आलं. साडी गार्ड बाजारातल्या जुन्या फटफटीचं काढून जोडलं. गोल आरसे लावले. चुडामण दूर उभा राहून बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. "उमेश पाहता तर रडता," तो म्हणाला. "दूधवाल्याची गाडी झाली, काका. फक्त कॅन टांगायचे बाकी आहेत."

गाडी आठ वर्षांनी पहिल्यांदा चालू केली, तेव्हा इंजिननं आठ वर्षांचा धूर एकदम बाहेर टाकला. सगळी गल्ली पांढरी झाली. शेजारपाजारच्यांनी धडाधड खिडक्या लावल्या, पाण्याचे माठ झाकले, पोरं धुराच्या मागे पळत सुटली. डास मारायचं मशीन आलं असं सगळ्यांना वाटलं होतं. मनकर्णाबाई पदर नाकाशी धरून दारात उभ्या होत्या.

"आठ वर्षं आधी आलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडी तयार झाली, आता कागद. यादवनं विचारलं, "आरसी बुक कुठे आहे?" आणि नामदेवरावांना एक पोतं आठवलं. तेरावं झाल्यावर उमेशचं काही डोळ्यांसमोर नको म्हणून त्यांनी त्याचे सगळे कागद, वह्या, फायली एका पोत्यात कोंबल्या होत्या आणि पोतं रद्दीवाल्याला देऊन टाकलं होतं. आरसी बुक त्यातच गेलं असणार. पोत्याकडे तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

"मग दुसरी प्रत काढा," यादव म्हणाला. "गाडी जिथे नोंदली त्या कचेरीत जा."

ती कचेरी सीमेपलीकडे होती. नामदेवराव बस बदलत तिथे पोचले. शालिग्राम नावाचा कारकून भला माणूस निघाला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये तीनदा शोधलं, मग खेदानं मान हलवली.

"काका, तुमच्या गाडीची नोंद जुन्या रजिस्टरात होती. जे लोक नूतनीकरणाला आले त्यांचंच कॉम्प्युटरवर चढवलं. बाकी रजिस्टरं सहा वर्षांपूर्वी रद्दीत गेली."

"रद्दीत कुठे?"

"तुमच्याकडेच की. ती कागदाची मिल नाही का तिकडे? अख्खा ट्रक भरून गेला."

नामदेवराव खुर्चीत मागे टेकले. "लाल कापडाच्या बांधणीची होती का रजिस्टरं?"

"होय! तुम्हाला कसं ठाऊक?"

नामदेवरावांना कसं ठाऊक नसणार? रद्दीचा लगदा करणाऱ्या पल्परवर ते फोरमन होते. तो ट्रक त्यांना लख्ख आठवत होता, कारण त्या लाल कापडानं पल्पर अडकला होता आणि त्यांनी सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. मग चार माणसं हाताशी घेऊन त्यांनी स्वतः एकेका रजिस्टरचं कापड फाडलं आणि पानं आत लोटली. आपल्याच पोराच्या गाडीचा पुरावा त्यांनी आपल्या हातानं शिजवून काढला होता, आणि त्या पाळीत काम चोख झालं म्हणून साहेबांनी त्यांना शाबासकीही दिली होती.

परतीच्या बसमध्ये मात्र त्यांना एक गोष्ट आठवली. मिलमध्ये त्यांचा एक नेम होता. देवाचं नाव किंवा चित्र असलेला कागद ते पल्परमध्ये जाऊ देत नसत. बाजूला काढायचे, घरी आणायचे, आणि तापीत सोडू म्हणून ट्रंकेत ठेवायचे. तापीत सोडणं काही झालं नाही, ट्रंका तीन झाल्या. आणि सरकारी रजिस्टराच्या पहिल्या पानावर कारकून 'श्री' काढतोच. म्हणजे ती पहिली पानं त्यांनी नक्की काढली असणार. उमेशनं गाडी नावावर करायला पाडव्याचा मुहूर्त धरला होता. नव्या वर्षाचं नवं रजिस्टर, कदाचित पहिलंच पान!

दोन दिवस त्यांनी ट्रंका उपसल्या. लग्नपत्रिकांवरचे गणपती निघाले, कॅलेंडरवरच्या लक्ष्म्या निघाल्या, उदबत्तीच्या पुड्यावरचे शंकर निघाले. सगळं घर देवांनी भरलं, पाय ठेवायला जागा उरली नाही. रजिस्टरांची सात पहिली पानं निघाली. सातांवर 'श्री' होतं. त्याखाली ट्रक होते, ट्रॅक्टर होते, एक रोडरोलरसुद्धा होता. उमेशची गाडी नव्हती.

शेकडो देवांच्या मधोमध नामदेवराव डोकं धरून बसले. ज्यांना आपण उकळत्या लगद्यातून वाचवलं, त्यांतला एकही आज उपयोगी पडत नाही, याचा त्यांना मनापासून राग आला. वीस तारखेला आठ दिवस उरले होते. "मनकर्णे, हरलो मी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. मग पायांनी लक्ष्म्या-गणपती बाजूला न सारता, वाकून एकेक उचलत, देव्हाऱ्यापर्यंत गेल्या. देवीच्या फोटोमागे हात घालून त्यांनी लाल कापडात बांधलेलं काहीतरी काढलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. आत आरसी बुक होतं. त्यावर आठ वर्षांचं हळदकुंकू साचलं होतं.

"हे... होतं?"

"पोत्यातून काढून घेतलं होतं मी. तुमचं ध्यान नव्हतं."

"अगं, मग मी इतके दिवस जीव काढून राहिलो, ते काय गंमत म्हणून?"

"मले वाटलं, कागद काही मिळायचे नाहीत. मग ऑपरेशन पण टळन." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मले भेव लागते हो. छाती कापतील. आणि दुसरं... नवस फिटला की उमेशचं काय राहिलं मग? काहीतरी बाकी होतं त्याचं, म्हणून तो होता."

नामदेवरावांनी बायकोचा हात धरला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, हात धरायचे प्रसंग तसे कमीच आले होते.

संध्याकाळी चुडामण आणि यादव आले. यादवनं कुंकू झटकून आरसी बुक उघडलं, वाचलं, आणि त्याचं तोंड उतरलं. "भाऊ, इथे बैठक एकच लिहिली आहे. एक सवारी. गोऱ्यानं एकट्यापुरतीच आणली होती ना. दोन करायला वेगळा अर्ज, वेगळी तपासणी. तीन महिने तरी पकडा."

"मतलब," चुडामण म्हणाला, "चालवणारा बसला की काकूले जागा नाही."

लांब सीट, हँडल, साडी गार्ड, सगळं अंगणात चकचकत उभं होतं. नामदेवराव गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोला विचारलं, "तू देवीला नक्की काय बोलली होतीस? गाडीवर बसून येईन, की गाडी चालवून येईन?"

"बसून."

रविवारी केळीच्या टेम्पोत गाडी आडवी बांधून इच्छापुरला नेली. गावाबाहेर उतरवली. मनकर्णाबाई हिरवं लुगडं नेसून, खणानारळाची ओटी मांडीवर घेऊन गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. लुगड्याचा काठ साडी गार्डवर व्यवस्थित राहिला. चुडामणनं हँडल धरलं, नामदेवरावांनी मागून ढकलायला सुरुवात केली. डोंगराच्या पायथ्याशी पोलीस उभा होता.

"रुको, रुको! कागद?"

नामदेवरावांनी धापा टाकत आरसी बुक काढून दिलं. पोलिसानं ते दोनदा वाचलं. "इसमें तो एकच सवारी मंजूर आहे."

"एकच बसलीय, साहेब."

पोलिसानं मोजलं. खरंच एकच होती. "विमा?"

"इंजिन बंद आहे, साहेब."

पोलिसानं थोडा विचार केला, आरसी बुक परत दिलं, वरचं कुंकू बोटाला लागलं ते कपाळाला लावलं, आणि रस्त्याच्या चढावर स्वतःही मागून हात लावला.

पायरीशी मनकर्णाबाई उतरल्या. ओटी खाली ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. नामदेवराव शेजारी पायरीवर बसून दम खात होते. त्यांना आज खूप हलकं वाटत होतं. देणं फिटलं, परवा इंदूर, आणि त्या कचेऱ्यांची तोंडं या जन्मात परत बघायची नाहीत. गाडी उमेशच्या यादीप्रमाणे पुन्हा सुंदर करावी, साडी गार्ड काढून टाकावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात मनकर्णाबाई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागल्या. मागच्या वेळची चूक त्यांना परत करायची नव्हती.

"आई इच्छादेवी, मले ऑपरेशनातून उठव. आणि उठवली की निदान दहा वर्षं चालती-बोलती ठेव. दहा, एक कमी नाही. मी परत येईन याच गाडीवर, यांच्या मागे बसून. इंजिन चालू करून, घरापासून, भर रोडनं. विमा, कागद, सगळं बराबर. दोन सवाऱ्या."

नामदेवरावांनी चुडामणकडे पाहिलं. चुडामणनं यादवला फोन लावला.