दोन माणसांचं काम

"पोरगी उतरली का पडली रं?"

करमाडच्या चौकातल्या चहाच्या टपरीवरून हा प्रश्न आला, तेव्हा मी दिगूमामांच्या पिकअपशेजारी गुडघे टेकून बसले होते. खरं उत्तर 'दोन्ही' असं होतं. पण अनोळखी माणसांना मी उत्तरं देत नाही. ओळखीच्यांनाही फारशी देत नाही. इंग्रजी शाळेत हजेरीला मी 'प्रेझेंट मिस' इतक्या हळू म्हणायचे, की प्रगतिपुस्तकानुसार मी निम्मं शिक्षण घरी बसूनच घेतलं.

पडण्यात दोष माझा एकटीचा नव्हता. दिगूमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांच्या शेताच्या वाटेवर एक ओढा आहे. त्यात गाडीचं पोट घासायचं, म्हणून मामांनी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी लोखंडी ठोकळे घालून ती जुनी पिकअप वीतभर उचलून घेतली. पुढच्याच वर्षी ओढ्यावर पूल झाला. गाडी उंचच राहिली.

तेव्हापासून तिचं स्टेअरिंग थरथरतं. सरळ जायचं तर ते थोडं उजवीकडं धरावं लागतं. ब्रेक तिसऱ्यांदा दाबल्यावर लागतो. मामा यातलं काहीच बिघाड मानत नाहीत. "सवयीचा भाग हाय," म्हणतात. ब्रेकच्या पेडलवर लाकडाचा एक गुटका तारेनं बांधलेला आहे. मामा सहा फुटी, त्यामुळे दर वेळी त्यांचा गुडघा स्टेअरिंगवर आपटतो. तोही सवयीचा भाग.

मामांचा एक नियम आहे. दुसरं माणूस लागेल असं काम करायचं नाही. चादरीची घडी घालताना ते एक टोक कपाटाच्या दारात अडकवतात. कॅरम एकटेच खेळतात, आणि हरले की चिडतात. मामी तीन वर्षांपूर्वी 'महिनाभर जाऊन येते' म्हणून पुण्याला मुलाकडे गेल्या, त्या नातवापायी तिथंच राहिल्या. मामाही एकदा गेले होते. चौथ्या दिवशी परत आले. मुलाच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं म्हणे.

आता सोमवारी आरटीओत गाडीचं पासिंग होतं. नापास झाली तर ती भंगारात द्यायची आणि मामांनी शेत बटाईनं देऊन पुण्याला यायचं, असं त्यांच्या मुलानं फोनवर ठरवून टाकलं होतं. म्हणून शनिवारी आईनं मला करमाडला पाठवलं. "तुला काही करायचं नाही, नुसतं सोबत बस," म्हणाली. मला जमण्यासारखं एवढं एकच काम असतं.

स्टेअरिंग मामांनी एकट्यानंच निस्तरलं. स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे झिजलेले सांधे बदलले. मग खिळ्याला सुतळी बांधून चाकं एका रेषेत आणली. सुतळीचं दुसरं टोक धरायला मी पुढं झाले, तर म्हणाले, "खिळा हाय की."

ब्रेकला मात्र खिळा चालेना. गाडी उंच केली तरी चाकाकडे जाणारा रबरी पाइप जुन्याच मापाचा होता. तो ताणून चिरला होता. मामांनी लांब पाइप लावला. आता आत शिरलेली हवा काढायची होती. त्यासाठी एकानं पेडल दाबून धरायचं आणि 'दाबलं' असं ओरडायचं. मग दुसऱ्यानं चाकापाशी निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, ढिला करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा. त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. गेली तीन वर्षं मामा पेडलला काठी अडकवून हे करत होते. काठी सरकायची, आणि तिला 'दाबलं' म्हणता यायचं नाही. या बाबतीत काठी आणि मी सारख्याच.

"दाब," मामा गाडीखालून म्हणाले.

मी दाबलं. "दाबलं," असंही म्हणाले. ते समोरच्या काचेनं ऐकलं असेल.

"दाबलं का नाय?"

मी मान हलवली. गाडीखालच्या माणसाला. पाय थरथरायला लागला, मी उचलला, आणि नेमका तेव्हाच मामांनी अंदाजानं निप्पल ढिला केला.

"गेली आत. पुन्यांदा."

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी खालून आवाज आला, "तुझी मामी दाबायची तवा टेशनापातूर ऐकू जायचं. पाय पुरायचा नाय तिचा. म्हणून तर त्यो गुटका."

मी खाली बघितलं. माझा पाय गुटक्यावर बरोबर टेकला होता.

"मग आता काढत का नाही?" मी विचारलं. हे त्यांना ऐकू गेलं.

खाली पाना पुन्हा निप्पलवर बसल्याचा आवाज आला.

"सवयीचा भाग हाय," मामा म्हणाले. "दाब."

"दाबलंय," मी ओरडले. बांधावरच्या शेळ्यांनी चरणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. चारही चाकं होईपर्यंत त्या पाहतच होत्या.

मग आम्ही गाडी फिरवून आणली. मामांनी सवयीनं स्टेअरिंग उजवीकडं धरलं, आणि गाडी पहिल्यांदाच त्यांचं ऐकून उजवीकडं, थेट तुरीत शिरली. त्यांनी सवयीनं ब्रेकवर जोर दिला, ती जागच्या जागी थांबली, आणि माझं कपाळ काचेला लागलं. मामा खूश झाले. सोमवारी गाडी पासही झाली.

पण त्या शनिवारी घरी आल्यावर मामांनी हात धुतले आणि दोरीवरची वाळलेली चादर काढली. ती घेऊन ते सवयीनं कपाटाकडं निघाले.

"मामा, कपाट राहू द्या," मी म्हणाले, शेळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "हे टोक मी धरते."