हिरव्या गाडीचा मुहूर्त

आमच्या दत्तूनानांना मी मोटारीपुढे मंगलाष्टकं म्हणताना पाहिलंय. थट्टा नाही करत. बॉनेट उघडं, हात कोपरापर्यंत काळे, पुढचं हँडल हळूहळू फिरवताहेत आणि खणखणीत आवाजात चाललंय, "शुभमंगल... सावधान!" 'सावधान'ला इंजिनाची झडप उघडली तर मान डोलवायचे. नाही उघडली तर म्हणायचे, "भटजी उशिरा आला. होऊन जाईल, बघून घेऊ."

नाना नया बाजारात आमच्या समोरच राहत. घराणं उपाध्यायांचं. वडील, काका, भाऊ, सगळे आमच्या लष्कर शहरातली लग्नं लावणारे. हे एकटेच तरुणपणी दरबारच्या मोटारखान्यात शिरले ते परत आलेच नाहीत. भाऊ म्हणाले, "असले काळे हात घेऊन कुणाच्या मांडवात उभा राहणार तू?" नाना म्हणाले, "बॉनेटखाली लावीन लग्नं." आणि लावली की! शेकड्यांनी लावली. स्वतःचं तेवढं राहून गेलं.

रोज पाचाच्या ठोक्याला ते आमच्याकडे चहाला यायचे. ओट्यावर बसायचे, साखर कमी पडली म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. कुसुम, म्हणजे माझी बायको, लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच. चहा पिता पिता मला शास्त्र सांगायचे.

"हे बघ मधू, सिलिंडर म्हणजे मांडव. झडप म्हणजे अंतरपाट. आता मांडव चार आणि भटजी एकच, तो वरचा दांडा. साखळी त्याला या मांडवातून त्या मांडवात पळवते. साखळी ढिली पडली की भटजीला उशीर. भटजीला उशीर झाला की नवरी रुसली. मग गाडी खोकणार नाही तर काय करणार?"

"मग जरा घाई करायची, नाना."

"घाई माणसाला असते रे. मुहूर्ताला नसते!"

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

आता गाडीचं सांगतो. संस्थान विलीन झालं तेव्हा सरदारांनी आपल्या मोटारी काढून टाकल्या. माझे वडील अशाच एका सरदारांचे कारभारी. त्यांच्या वाट्याला एक जुनी हिरवी विलायती गाडी आली. पुढे वडील गेले, गाडी राहिली. मग राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळ ठरली आणि आमचं अख्खं खातं फायलींसकट तिकडे निघालं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर क्वार्टर दुसऱ्याला, असा हुकूम आला. सामान ट्रकने पुढे गेलं. मी आणि कुसुम गाडीने जाणार होतो. आणि या हिरव्या बाईसाहेबांनी नेमकं तेव्हाच अंग टाकलं! चाचणीला काढली, तर किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या चढावर निम्म्यात बसली आणि कारबुरेटरमधून फटाके उडवायला लागली.

बाड्यावरचा, म्हणजे मोठ्या चौकातला, मिस्त्री म्हणाला, "साहब, कारबुरेटर गया समझो."

"कारबुरेटर बिचारा गरीब," नाना म्हणाले. "त्याच्यावर आळ घ्यायला अक्कल थोडीच लागते!"

त्यांनी लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनाला लावलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग इंजिन बंद करून एक प्लग काढला. कुसुमची लोकर विणायची सुई मागून घेतली, प्लगच्या भोकातून आत सोडली आणि हँडल फिरवलं. आतला दट्ट्या वर आला तशी सुईही वर आली.

"बघ, नवरा बोहल्यावर येऊन उभा, आणि अंतरपाट अजून जागच्या जागी. साखळी एक दात घसरलीय."

तो बुधवार होता. गुरुवारी नानांनी मोटारखान्याच्या भंगारातून बरी साखळी शोधून आणली. बसवण्याची त्यांची रीत सोपी. दोन दातेरी चाकं, एक वर, एक खाली. दोन्हींच्या एकेका दाताला कुंकवाचं बोट लावायचं. ठिपके समोरासमोर ठेवून साखळी चढवली की वेळ जुळली. आमच्या देवघरातला करंडा त्यात रिकामा झाला.

पण शुक्रवारीही गाडी खोकतच होती. शनिवारीही तेच. नाना साखळी काढायचे, घालायचे, मान हलवायचे. "भटजी अजून काही पोचत नाही बघ."

कुसुम वैतागली. दोन उसन्या भांड्यांत तिचा संसार चालला होता. "सरळ रेल्वेने जाऊ या. गाडी राहू दे इथेच."

"रेल्वे?" नाना उसळलेच. "रेल्वेच्या वेळेचा काय भरवसा!"

पाच वाजले. कुसुमने चहाला हाक मारली, तसे नाना ओट्याकडे गेले. मी सहज इंजिनात डोकावलो. कुंकवाचे ठिपके ताजे होते, स्वच्छ दिसत होते. आणि समोरासमोर नव्हते. एक दात मागे.

ज्या माणसाने डोळे मिटून शेकडो गाड्यांची वेळ जुळवली, त्याच्या हातून ही चूक? तीन-तीनदा? खरं सांगतो, असा राग आला! तरातरा ओट्यावर गेलो. नाना बशीत चहा ओतून बसले होते, पण पीत नव्हते. समोरच्या आपल्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होते. साखर कमी आहे, असंही म्हणाले नाहीत. माझा राग कुठल्या कुठे गेला. सोमवारपासून पाच वाजता हा माणूस कुठे जाणार, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाज वाटली मला.

मी त्यांच्याजवळ बसलो. "नाना, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आम्ही इथंच येणार आहोत. पण गाडी अशी राहिली तर यायचं कसं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "संक्रांतीला?"

"हो."

"पक्कं?"

"पक्कं," आतून कुसुम म्हणाली. "आणि होळीलाही."

"मग आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा!"

चहा तसाच टाकून नाना उठले. अर्ध्या तासात साखळी बसली. मंगलाष्टकं झाली, पण या खेपेला 'सावधान'ला त्यांचा आवाज चिरकला. कुसुमने दारातून इंजिनावर चार अक्षता टाकल्या. गाडी उरवाईचा चढ एका दमात चढली.

रविवारी पहाटे निघालो. नानांनी गाडी चालू करायला लावली आणि पेचकस कानाला लावून उभे राहिले. इंजिन कसं एका सुरात चाललं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"नाना, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे रे."

"मग काय ऐकताय?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. गालावरून ओघळलेलं पाणी काळ्या हाताने पुसलं, त्याचा फराटा उमटला. मग पेचकस काढला आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"चल, नीघ. घाई कर. मुहूर्त टळतोय."