खंडूच्या चार सलाम्या

कुस्ती सुरू झाल्यावर सलाम करत सुटणारा पहिलवान मी आयुष्यात एकच पाहिला. विंझरचा आमचा खंडू. मी तिथे शाळामास्तर होतो.

पंचांनी हात मिळवून दिले, की समोरचा गडी अंगावर यायचा आणि खंडू सलाम्या सुरू करायचा. त्याचे वस्ताद चार. तालमीच्या वस्तादांसाठी माती कपाळाला लावून शड्डू. दांडपट्टा शिकवणाऱ्या तात्यांना लवून मुजरा. लढाईवरून परतलेल्या हवालदारांनी बॉक्सिंग शिकवलेलं, म्हणून त्यांना कडक सॅल्यूट. चौथी वस्ताद धनगरवाड्यावरची म्हातारी जनाई. पळत्या शेळीचा मागचा पाय कसा धरावा, ही तिची विद्या. तिच्यासाठी एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच धरायची.

तिथवर खंडू कधी पोचलाच नाही. सॅल्यूटलाच चीत व्हायचा. जनाई मात्र दरवर्षी भाकरी बांधून आंबवड्याच्या जत्रेत त्याची कुस्ती बघायला यायची.

"अरे, सलाम्या आधी उरकून घे की," मी म्हणायचो.

"न्हाई मास्तर. लढायच्या आदी कसली सलामी? समद्यांची इद्या एकदम लावायची, तर समद्यांना तितंच इचाराय नगं व्हय?"

शेवटी पाटील चिडले. "खंडू, यंदा एकच वस्ताद, एकच सलामी. न्हाईतर फुडल्या साली गावाचा गडी दुसरा!"

खंडूने मान डोलावली. आखाड्यात माती लावली, शड्डू ठोकला. आमचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हा मुजऱ्याला वाकला, आणि वाकलेलाच उचलला गेला.

मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो अंगाची माती झाडत राहिला.

"माय गेली तवा म्या पाच वर्सांचा. चार घरांनी वाढवलं मला. ज्याच्या चुलीवर जेवलो, त्यानं आपल्याकडं हुतं ते शिकवलं. आता यातलं कोन गाळू, तुमीच सांगा."

मी त्याच्या पाठीवरची माती झाडू लागलो.

पुढल्या वर्षी खरोखरच दुसरा गडी उतरला. खंडू आखाड्याच्या कडेला लंगोट लावून उभा. इकडे हात मिळाले, तिकडे याने माती लावली, शड्डू ठोकला. मुजरा. सॅल्यूट. मग एका पायावर उभं राहून टाच धरली. पाडायला कोणीच नव्हतं. लोक पोट धरून हसले. माझे मात्र डोळे भरून आले.

बांधावरून जनाई उठली, त्याच्यापाशी आली आणि फडक्याची गाठ सोडू लागली.

"पावली रं मला तुजी सलामी. आता पाय सोड, भाकर खा."